वाचक विचारतात : धूप, ऊद, उदबत्ती आणि त्यात नेमकं काय असतं

मागच्या अंकात उटण्यातल्या जिनसांवर लिहिलं होतं, नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला वगैरे, आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त उटण्याबद्दल नव्हतीच, सगळे धूप-उदबत्तीबद्दल विचारतायत. बरोबरच आहे म्हणा, जिन्नस बरेचसे तेच आहेत. म्हणून यावेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : पंचवटीत चाळीस रुपयांत चंदन उदबत्तीचा मोठा पुडा मिळतो, वर "१०० टक्के नॅचरल" असं छापलेलं असतं. एवढ्या स्वस्तात खरं चंदन कसं काय परवडतं? (एक वाचक, इंदिरानगर)

परवडत नाही हो ताई. चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे, आणि ते तेल असतं फक्त खोडाच्या आतल्या गाभ्यात, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वासच नसतो. गाभा नीट धरायला झाडाला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात. बंगल्याच्या आवारातलं चंदनाचं झाड रात्रीतून कापून नेलं अशा बातम्या आपण नाशिककरांनी किती वेळा वाचल्यात, ते उगाच नाही.

मग पुड्यात काय असतं? तर बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट म्हणजे सालीची पूड, एवढं मशीनवर चढवतात. याला वास नसतो, धंद्यातले लोक याला कच्ची बत्ती म्हणतात. ती वाळली की सेंटमध्ये बुडवायची. सेंट पातळ करायला बहुतेक ठिकाणी डीईपी (डायइथाइल थॅलेट) नावाचं केमिकल वापरतात, बिनवासाचं असतं, स्वस्त असतं आणि वास धरून ठेवतं. चंदनाचा वास म्हणजे कारखान्यात बनवलेला सुगंध. पुड्यावर चंदनाच्या झाडाचा फोटो, आत कोळसा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ओळखायचं कसं, तर न पेटवता काडी हातात घ्या. बोटाला तेलकट लागलं, पुडा उघडताच वासाचा भपकारा आला आणि काडी काळीकुट्ट असली तर ती बुडवलेली बत्ती. मसाला बत्ती वेगळी, तिच्यात सुगंधी मुळ्या, लाकूड, डिंक यांची पूडच मळून काडीवर वळलेली असते, रंग मातकट तपकिरी, हाताला कोरडी किंवा किंचित मऊ, आणि न पेटवता वास मंद. म्हैसूरकडच्या जुन्या मसाला बत्त्यांमध्ये हलमड्डी नावाचा झाडाचा चीक घालायचे, तो हवेतलं पाणी ओढतो म्हणून त्या बत्त्या दाबल्या तर मऊ लागायच्या. आता हलमड्डीही कमी झाली आणि तशा बत्त्याही. अर्थात मसाला बत्तीवरही वरून सेंट मारणारे आहेतच, त्यामुळे रंगावर जाऊ नका, दुकानदाराला सरळ विचारा यात काय काय आहे. ज्याला माहितीय तो चार नावं तरी सांगतो. "नॅचरल आहे" एवढंच म्हणाला तर समजून घ्या.

प्रश्न : रविवार कारंजाच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात धूप मागितला तर त्यांनी राळ, ऊद, गुग्गुळ आणि सालईचा डिंक असं चार प्रकारचं काढून समोर ठेवलं. मी गोंधळून काहीच न घेता आलो. हे सगळं एकच का? (एक वाचक, सातपूर)

नाही दादा, चारही वेगळ्या झाडांचे डिंक आहेत आणि चारही निखाऱ्यावर वेगवेगळे वागतात. खरं तर यासारखा अभ्यास नाही, चारही पन्नास-पन्नास ग्रॅम आणा, मातीच्या धुपाटण्यात गोवरीचा किंवा नारळाच्या करवंटीचा निखारा घ्या आणि एका वेळी हरभऱ्याएवढा एकच खडा टाका. एक पूर्ण विझला, खोलीतला वास गेला की मग दुसरा. एकदा असं केलंत की परत कुणी तुम्हाला फसवू शकत नाही.

राळ म्हणजे पिवळट, काचेसारखे ठिसूळ खडे. मूळची राळ सालवृक्षाची, ओडिशा-छत्तीसगडकडच्या जंगलातली. टाकल्या टाकल्या लगेच वितळते, भसकन पांढरा दाट धूर येतो, वास लिंबासारखा आंबूस-तिखट. पण बाजारात राळ म्हणून पुष्कळदा चीड म्हणजे पाइनच्या झाडाच्या डिंकातून टर्पेंटाइन काढल्यावर जे उरतं ते विकतात, तेही पिवळं आणि काचेसारखंच दिसतं, त्याचा धूर मात्र काजळीचा आणि घशाला चरचरणारा. सोल्डरिंगच्या कामात हाच पदार्थ वापरतात आणि त्याच्या धुराने कामगारांना दमा लागतो हे डॉक्टर लोकांना चांगलं माहितीय. घरात नको. आणि कुठलीही राळ बारीक पूड करून निखाऱ्यावर उधळू नका, भडका उडतो.

ऊद म्हणजे आपला लोबान. हा सुमात्रा, लाओस इकडून येतो. खडा फोडून बघितला की तपकिरी गाभ्यात बदामासारखे पांढरे तुकडे बसलेले दिसतात, जितके पांढरे जास्त तितका माल भारी. निखाऱ्यावर हळू वितळतो, वास गोड, थोडा व्हॅनिलासारखा. मला संध्याकाळी हाच आवडतो. फक्त एक आहे, अरबस्तान-सोमालियाकडच्या वेगळ्याच झाडाच्या डिंकालाही लोबानच म्हणतात, ते सुटे सुटे पिवळसर अश्रूसारखे थेंब असतात आणि वास लिंबू-पाइनकडे जाणारा. दोन्ही चांगले, पण दुकानदाराने एकाचा भाव सांगून दुसरा दिला असं होऊ शकतं म्हणून सांगितलं.

सालईचा डिंक म्हणजे त्या अरबी लोबानाचा आपल्याकडचा सख्खा भाऊच. सालई सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर भरपूर, साल कागदासारखी सुटते ते झाड. वास हलका, जरा कापराकडे झुकणारा, धूर बेताचा. आणि गुग्गुळ हा चौथा, तपकिरी-काळपट, हाताला चिकट, बऱ्याचदा साल-माती चिकटलेला. निखाऱ्यावर पडला की फुगतो, बुडबुडे येतात, वास कडसर आणि जड, खोलीत तासभर तरी राहतो. पाण्यात भिजवला तर पाणी दुधट होतं आणि खाली वाळू किती बसते तेही दिसतं, त्यावरून भेसळ लगेच कळते.

झटपट पेटणाऱ्या कोळशाच्या टिकल्या मिळतात त्या या प्रयोगाला घेऊ नका, त्यात सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घातलेला असतो, पेटताना तडतडतो आणि सुरुवातीला त्याचाच वास येतो. टिकली वापरायचीच असेल तर ती पूर्ण राखाडी होईपर्यंत थांबा आणि मग डिंक टाका.

प्रश्न : गुग्गुळाचं झाड नामशेष होत चाललंय असं वाचलं. मग वापरावा का नाही? (एक वाचक, गंगापूर रोड)

हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला, कारण नैसर्गिक म्हटलं की आपण पुढचा विचारच करत नाही. गुग्गुळाचं झुडूप कच्छ आणि राजस्थानच्या वाळवंटी भागातलं, हळू वाढणारं, आणि आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. डिंकासाठी सालीला चिरा देतात, जास्त माल यावा म्हणून चिरा खोल जातात आणि झाड वाळून मरतं. आयुर्वेदिक औषधांना गुग्गुळ लागतोच, त्रिफळा गुग्गुळ, योगराज गुग्गुळ, त्याला पर्याय नाही. मग रोजच्या धुरासाठी तो जाळायचा का? माझं स्पष्ट मत, नको. सणावाराला चिमूटभर ठीक. रोजच्याला सालई घ्या, ती आपल्याच राज्यातल्या जंगलात होते, चिरा नीट दिल्या तर झाड टिकतं आणि पैसा सातपुड्यातल्या माणसांच्या हातात जातो.

जटामांसीचंही तेच. हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवरची वनस्पती, मुळासकट उपटावी लागते, म्हणजे एकदा काढली की संपली. तिच्याजागी नागरमोथा जास्त घाला. नागरमोथ्याच्या जातीतला लव्हाळा तर आपल्या शेतात नको नको म्हणताना उगवतो, शेतकऱ्याला विचारा, तो फुकट उपटून देईल.

आणि अगर (अरबीत यालाच ऊद म्हणतात, आपला ऊद म्हणजे लोबान वेगळा), ज्याचं अत्तर अरब देशांत सोन्याच्या भावात जातं, ते आसामकडच्या झाडाला कीड आणि बुरशी लागली तरच आत काळं सुगंधी लाकूड बनतं. १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. त्यामुळे पन्नास रुपयांच्या "ऊद-अगर" बत्तीत तो असेल अशी आशाच धरू नका.

प्रश्न : घरी धूपकांडी केली, शेण, तूप, कापूर, हवनसामग्री सगळं घातलं. एक तर पेटतच नाही, पेटली तर अर्ध्यात विझते, आणि अर्ध्या तर वाळतानाच फुटल्या. काय चुकतंय? (एक वाचक, नाशिकरोड)

काकू, तुमचं साहित्य वाईट नाही, माप आणि दळण चुकतंय. कांडी जळते ती लाकडाच्या आणि मुळ्यांच्या पुडीवर, डिंक जळत नाही, तो वितळतो. डिंक किंवा तूप जास्त झालं की ते वितळून पुडीतली हवेची जागा बुजवतं आणि आग गुदमरते. म्हणून एकूण मिश्रणात डिंक पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि तूप तर फक्त हाताला लावण्यापुरतं. तूप घातलं की शुद्ध होतं असं नाही, धूर मात्र वाढतो.

माप असं धरा. नुसत्या लाकडा-मुळ्यांची पूड शंभर ग्रॅम, त्यात देवदाराचा भुसा चाळीस (घरी चंदनाचं खोड उगाळून उरलेलं असेल तर त्याचा कीस थोडा घाला), नागरमोथा तीस, वाळा वीस आणि कपूरकचरी दहा. डिंक पंचवीस ग्रॅम, अर्धी सालई, अर्धा ऊद. आणि चिकटायला मैदालकडी वीस ग्रॅम. मैदालकडी म्हणजे झाडाची साल, मैद्याशी तिचा काही संबंध नाही, एकीने खरंच गव्हाचा मैदा घातल्याचं पत्रात लिहिलंय म्हणून सांगते, मैद्याने जळक्या पोळीचा वास येतो.

दळण हे खरं काम. नागरमोथ्याच्या गाठी दगडासारख्या असतात, आधी खलबत्त्यात फोडा आणि मग मिक्सर, नाहीतर पातं जातं. वाळ्याच्या मुळ्या कात्रीने अगदी बारीक कापून कडक उन्हात ठेवा आणि लगेच दळा, गार झाल्या की परत चिवट होतात. डिंक उन्हाळ्यात मिक्सरला चिकटून बसतो, तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि सकाळी देवदाराच्या थोड्या भुशासोबत पटकन फिरवायचा. नंतर सगळं एकत्र करून वस्त्रगाळ करा, जाड पूड राहिली की तिथेच कांडी विझते. चाळणीत राहिलेला कोंडा टाकू नका, तो निखाऱ्यावर टाकायला उत्तम.

कोमट पाणी चमचा-चमचा घालत पुरीच्या कणकेसारखा घट्ट गोळा मळा, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा म्हणजे मैदालकडी फुलते, मग परत मळा. हातात दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी, बोटाला चिकटला तर जास्त. कांड्या करंगळीपेक्षा बारीकच वळा. जाड कांडीचा आतला भाग ओला राहतो आणि तुम्ही म्हणताय तसं अर्ध्यात विझतं ते यानेच. वाळवायचं सावलीत, उन्हात अजिबात नाही, उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि कांडी फुटते. दर दिवशी फिरवायच्या, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत होतात, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. मोडल्यावर कट्ट असा आवाज आला पाहिजे.

शेण घालायचं असेल तर घाला, पण पूर्ण वाळलेलं आणि वस्त्रगाळ, देवदाराच्या जागी. कापूर मात्र कांडीत घालू नका, तो वाळता वाळताच उडून जातो.

प्रश्न : भीमसेनी कापूर आणि साधी वडी यात खरंच फरक असतो का, भावात तर दुप्पट-तिप्पट आहे. (एक वाचक, सिडको)

मूळचा भीमसेनी कापूर बोर्निओ-सुमात्राकडच्या एका उंच झाडाच्या खोडात सापडणारा, रासायनिकदृष्ट्याच वेगळा पदार्थ, दुर्मिळ आणि महाग. साधा कापूर मुळात कापराच्या झाडाचा, पण आता बहुतेक सगळा कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतो. बाजारात भीमसेनी म्हणून जे मोठे वेडेवाकडे पारदर्शक खडे मिळतात ते बरेचदा साधाच कापूर असतो, फक्त वडीत न दाबता स्फटिकासारखा ठेवलेला. त्यात मेण वगैरे नसलं तर तेवढा फायदा. परीक्षा सोपी, स्टीलच्या वाटीत खडा जाळा, मागे काही उरता कामा नये. तेलकट-मेणचट डाग राहिला तर भेसळ.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कापूर लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. थोडासा जरी पोटात गेला तरी बाळाला झटके येऊ शकतात. देवघरातली उघडी वाटी खाली असते आणि रांगणारं मूल तिथे पहिलं पोचतं.

प्रश्न : सून बाळंतपणाला आलीय. आमच्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला धुरी देतात, ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालं. डॉक्टर नाही म्हणतात. घरचीच शुद्ध वस्तू आहे, त्याने काय होणार? (एक वाचक, पंचवटी)

काकू, तुमची माया कळते मला, पण यात डॉक्टरांचंच ऐका. धूर शेवटी धूरच, तो ओव्याचा असो नाहीतर कोळशाचा. उदबत्तीचा धूर मोजलाय लोकांनी, एक ग्रॅम उदबत्ती जळली तर सुमारे ४५ मिलिग्रॅम बारीक कण हवेत जातात, सिगारेटचे एका ग्रॅमला १० मिलिग्रॅम. हे कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. शिवाय बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पूर्वी घरं कौलारू होती, कौलातून धूर निघून जायचा. आताच्या फ्लॅटमधली बाळंतिणीची खोली म्हणजे दार बंद, खिडकी बंद, वर पडदा. बाळाची फुप्फुसं एवढीशी असतात. तुम्हाला ओव्याचं काही करायचंच असेल तर तव्यावर गरम करून कापडात बांधा आणि बाळंतिणीची कंबर शेका, तिला बरं वाटेल आणि धूरही नाही.

घरात दमेकरी असेल त्यांनाही हेच. धूप घालायचाच असेल तर खिडकी उघडून, माणसं दुसऱ्या खोलीत आणि चिमूटभर. आणि डास पळवणाऱ्या अगरबत्त्या धूप समजून लावू नका, त्यात कीटकनाशक असतं, काही स्वस्त बत्त्यांमध्ये तर नोंदणीसुद्धा नसलेलं.

प्रश्न : बांबू जाळू नये म्हणतात, मग काडीची उदबत्ती चालते का? आणि कस्तुरी, नखला हे शाकाहारी माणसाने वापरावं का? (एक वाचक, त्र्यंबकेश्वर)

बांबूचं ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीवर सोडते. वापराच्या बाजूने एवढंच, काडीला स्वतःचा जळक्या लाकडाचा वास असतो आणि बारीक मसाल्याचा वास त्यात मारला जातो, म्हणून मला बिनकाडीची कांडी बरी वाटते.

नखला मात्र समुद्री गोगलगाईच्या तोंडावरची झाकणी असते, वनस्पती नाही. काष्ठौषधीच्या दुकानात ती इतर मुळ्यांच्या रांगेतच ठेवलेली असते त्यामुळे पुष्कळांना माहितीच नसतं. कस्तुरी तर मृगाची, शिकारीवर कायद्याने बंदी, बत्तीवर जे लिहिलेलं असतं ते कृत्रिम. वनस्पतीतला तसा वास हवा असेल तर कस्तुरी भेंडीचं बी आणा, भेंडीच्याच कुळातलं झुडूप आहे, बी हातावर चोळलं की कळतं.

प्रश्न : आमचा बचत गट आहे. रामकुंड परिसरातलं निर्माल्य घेऊन उदबत्ती करायचा विचार आहे, २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. नुसत्या झेंडूच्या फुलांची उदबत्ती होईल का? मशीन घ्यावं का? (बचत गटातल्या ताई, पंचवटी)

कल्पना फार चांगली आहे आणि गोदेत जाणारा तेवढा कचरा तरी थांबेल, पण आधी एक ऐका. झेंडू जळला की झेंडूचा वास येत नाही, सुकी पानं जाळल्यासारखा येतो. गुलाबाचंही तसंच, फुलाचा वास नाजूक तेलात असतो, ते वाळतानाच निम्मं जातं आणि उरलेलं आगीत. म्हणजे फुलांची पूड ही कोळशाच्या आणि भुशाच्या जागी घालायची वस्तू आहे, सुगंध द्यायची नाही. सुगंधाला नागरमोथा, वाळा, ऊद हे लागणारच. पुड्यावरही तसंच खरं लिहा, "फुलांच्या पुडीवर केलेली मसाला बत्ती", लोक घेतात.

निवडणं सगळ्यात जास्त वेळ खाणार आहे. हाराचा दोरा, प्लॅस्टिकचे मणी, चमकी, सगळं काढायचं, आणि गुलाल-कुंकवाने माखलेली फुलं वेगळी, रंगांचा धूर कुणाच्या नाकात जायला नको. बाजारची फुलं फवारलेली असतात, म्हणून पाकळ्या एकदा धुवून घ्या. हिरवे देठ आणि बुंधे काढून फक्त पाकळ्या वाळवा, देठात ओल राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. देठ गांडूळखताला.

आणि मुख्य अडचण ही की सिंहस्थाच्या मोठ्या पर्वण्या ऐन श्रावण-भाद्रपदात असतात. २०१५ ला पण ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्येच होत्या. म्हणजे सगळ्यात जास्त फुलं तेव्हा येणार जेव्हा नाशकात ऊनच नसतं. फुलं ढिगात दोन दिवस राहिली की सडतात. त्यामुळे मशीनचे पैसे आधी वाळवणीत घाला, पत्र्याच्या शेडखाली जाळीच्या मांडण्या, पंखे, जमलं तर सोलर ड्रायर. एका पावसाळ्यात आठवड्याला एखादं पोतं घेऊन करून बघा, बुरशी न लागता किती वाळतात, किती किलोची किती पूड पडते ते वहीत लिहा, हाताने वळलेल्या बत्त्या शेजारीपाजारी देऊन बघा. मशीन त्यानंतर.